खिडकीजवळची धरलेली जागा

ही गोष्ट माझी आहे. कोणाच्या मामाच्या मित्राची नाही, कुठे ऐकलेली नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. लोकांना पटवून द्यायचा आता मला कंटाळा आला आहे.

मी ॲश्लिन. मालवणची. हे घडलं गेल्या वर्षी मार्चमध्ये, शिमगा संपल्यावर. आचऱ्याच्या रस्त्याला माझ्या रोझारियो अंकलची माडांची बाग आहे, तिथे.

आणि जवळजवळ सगळं घडलं ते दुपारी.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते हे मलाही माहीत आहे. पण रात्री तिथे काहीच व्हायचं नाही. रात्री मी ढाराढूर झोपायचे. जे व्हायचं ते जेवणानंतर, अंकल घरात आडवे झालेले असायचे तेव्हा, लख्ख उन्हात.

आधी व्हॅन कशाला घेतली ते सांगते, म्हणजे माझा जीव का जळतो ते कळेल.

मी तेहतीस वर्षांची होईपर्यंत कधी एकटीच्या खोलीत राहिले नाही. लहानपणी दोन आत्या, एक शिलाई मशीन आणि मी. मग गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी, तिथे स्टाफच्या खोलीत चौघीजणी. एकीचा अलार्म, दुसरीचा फोन, तिसरीचे ओले कपडे माझ्या डोक्यावर. नोकरी सोडून घरी आले तर भावाचं, क्लाइव्हचं, लग्न झालेलं. मला हॉलमधला सोफा मिळाला. सकाळी सहाला वहिनी झाडू घेऊन यायची आणि मी पाय वर घ्यायचे.

मला फक्त एक दार हवं होतं, जे मी लावलं की बाहेरचं जग बाहेर राहील. एवढंच.

जागा घेऊन घर बांधणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून जुनी व्हॅन घेतली. आत पलंग करायचा, मागे ओटा, छपराला पंखा. पुढे जमलं तर किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत जेवण करून विकायचं. क्लाइव्ह हसला. म्हणाला, ह्या डब्यात राहण्यापेक्षा लग्न कर.

व्हॅन मिळाली खारेपाटणला, भाई म्हणून एका माणसाकडे. पन्नाशीचा, कमी बोलणारा. विजयदुर्गाच्या बाजूला पॅसेंजर भरून न्यायचा-आणायचा. चावी दिल्यावर त्याने बाजूचं सरकतं दार उघडलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला, दार धरून. मला वाटलं, जुनी गाडी आहे, माया असेल. माझं घड्याळाकडे लक्ष होतं. टो करणारा खोळंबला होता.

अंकलच्या बागेत व्हॅन लावली आणि त्याच दिवसापासून मी तिच्यात राहायला लागले. आंघोळ विहिरीवर, स्वयंपाक माडाखाली स्टोव्हवर, झोप आत चटईवर.

जुनी गाडी दुरुस्त करणं ही शिक्षा आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. समुद्राजवळची गाडी, जिथे बोट लावाल तिथे बोट आरपार. एक भोक बुजवायला पत्रा कापला की शेजारी दोन नवीन दिसायची. छप्पर गळत होतं, सेल्फ लागत नव्हता, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. कट्टा गावाजवळचा शिवादादा वेल्डिंगला यायचा. चांगला माणूस, पण "उद्या येतंय" म्हणाला की चार दिवस गायब.

पहिलं काम सीटा काढायचं. सगळ्या निघाल्या. एक सोडून.

ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची एकटी सीट. तिचे बोल्ट हलेनात. तेल सोडलं, हातोडा मारला, पान्यावर शिवादादा अक्षरशः उभा राहिला. शेवटी त्याने ग्राइंडरने पाय कापले. खाली चार खुंट राहिले, ते मी घासून सपाट केले. नेमकी तिथेच माझ्या पलंगाची डोक्याकडची बाजू येणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हॅनच्या खाली उताणी पडून गंज खरवडत होते. तोंडावर लाल भुकटी, मानेत मुंग्या. चिडलेलीच होते.

आणि तेवढ्यात…

गाडी खाली दबली.

एका बाजूला. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. कोणी पायरीवर पाय देऊन आत चढलं की होतं ना, अगदी तसं.

मग वर पत्र्यावर पावलं. एक, दोन, तीन. आणि खिडकीच्या बाजूला वजन स्थिरावलं.

मला वाटलं शिवादादा आला. मी ओरडले, "दादा, चपला काढ, आत पुसलां हा."

वरचं वजन हललं नाही.

मी मान वळवून बघितलं. गाडीखालून चारही बाजूंची जमीन दिसते. चारही बाजूंना बघितलं. कोणी चालत आलं असतं तर पाय दिसले असते. वाळू तशीच होती, सकाळी मी झाडलेली, खराट्याच्या रेघांसकट. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

बाहेर येऊन दार उघडलं. आत कोणी नाही.

मी स्वतःला समजावलं. जुने पाटे, उन्हाने तापले, सैल झाले. गाडीच्या प्रत्येक दुखण्याला तोपर्यंत मी काही ना काही कारण शोधायला शिकले होते. हेही त्यातलंच एक.

त्यानंतर अधूनमधून दुपारी गाडी अशी दबायची. पाच-दहा मिनिटांनी परत वर. त्रास काही नव्हता. मीही लक्ष देणं सोडलं.

मग आला तो दिवस, जेव्हा शिवादादाने सेल्फ बसवला आणि इंजिन सुरू करायची वेळ आली. तो म्हणाला, आधी गाऱ्हाणं घालूया.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कोणी विहिरीत बादलीसुद्धा सोडत नाही. एकाने जागेच्या राखणदाराकडे मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आम्ही किरिस्तांव, पण अंकलच्या बागेच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड आहे आणि अंकल दर वर्षी त्याला न चुकता नारळ ठेवतात. रविवारी चर्चमध्येही पहिल्या बाकावर तेच असतात. दोन्हीकडे ओळख असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

तर व्हॅनच्या समोर नारळ ठेवला. शिवादादा हात जोडून उभा राहिला. मागे अंकल आणि मी. बागेत चौथं कोणी नव्हतं. हे मी शंभर वेळा आठवून बघितलं आहे.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अंकल आणि मी म्हणालो.

"ही गाडी आजपासून घर झाली. तेका कोणाची नदर लागाक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या गाडयेत जा कोण ऱ्हवता, तेंका सांभाळ. तेंचो जागो तेंका ऱ्हवांदे. तेंका थंयसून कोण उठवक येव नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि आमच्या मागोमाग…

"व्हय म्हाराजा."

बाईचा आवाज. बसका, दमलेला. व्हॅनच्या आतून.

अंकलनी माझ्याकडे बघितलं. मी अंकलकडे. शिवादादाचे हात जोडलेलेच राहिले. मग त्याने नारळ फोडला, गडबडीने, आणि म्हणाला, "चल बाय, चावी मार." इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. काळा धूर सुटला आणि मी इतकी खूश झाले की आवाजाचं विसरले. विसरायचं ठरवलं म्हणा.

त्या दिवसापासून माझ्या हालांना सुरुवात झाली.

पलंग मी माझ्या हाताने केला. जाड प्लाय, खाली सागाच्या पट्ट्या, प्रत्येक कोपऱ्याला चार स्क्रू. सकाळी बसवला. दुपारी पाणी भरून परत आले तर डोक्याकडच्या कोपऱ्याचे चार स्क्रू जमिनीवर होते. पडलेले नव्हते. एका ओळीत ठेवलेले होते, आणि प्लायचा तो कोपरा उचकटून वर आलेला.

परत बसवले. दुसऱ्या दिवशी परत बाहेर.

लांब स्क्रू आणले. बाहेर. मग नट-बोल्ट लावले. तेही बाहेर, वॉशरसकट, ओळीत. शिवादादाला बोलावून लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली. दुपारी तिचा वेल्डिंगचा डाग सुटलेला. शिवादादाने तो बघितला, हाताने चाचपला आणि म्हणाला, हे माझ्या हातून झालेलं नाही. मी म्हटलं, मग काय माझ्या दातांनी झालं?

बाकी तीन कोपऱ्यांना काही नाही. फक्त तोच एक. जिथे ती सीट होती.

वैताग म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. भीती नव्हती हो, खरंच. राग होता. सकाळी करायचं, दुपारी उसकटलेलं बघायचं, संध्याकाळी परत करायचं. दुसरीकडे कुठे स्क्रू सैल झाला असता तरी मला बरं वाटलं असतं.

आणि मग एका दुपारी मी दार उघडलं, आणि त्या कोपऱ्यावर…

चुंबळ होती.

डोक्यावर पाटी घेताना खाली घालतात ती फडक्याची गुंडाळी. जुन्या लुगड्याची, हिरवट. ओली. हात लावला तर खारं पाणी निथळलं. बागेपासून समुद्र मैलभर लांब.

मी ती उचलून लांब माडाच्या बुंध्याशी फेकली. हात धुतले, दोनदा.

दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच. ओली.

फेकली. परत. जाळायला गेले तर पेटेना. विहिरीच्या पलीकडे पुरली. परत आलीच. येरे माझ्या मागल्या.

एकदा मी चिडून तिच्याकडे बघत बसले होते आणि अचानक मला आठवलं. लहान असताना आत्यांबरोबर कुडाळच्या बाजाराला जायचे. परतीच्या गाडीला ही गर्दी. बायका दारातून चढायच्या आधी खिडकीतून हात घालून सीटवर चुंबळ टाकायच्या. कोणाची पिशवी, कोणाची छत्री. एकदा चुंबळ पडली की ती जागा तिची. कितीही गर्दी असो, तिथे कोणी बसायचं नाही. बसलंच तर भांडण ठरलेलं.

माझ्या पलंगावर कोणीतरी जागा धरत होतं.

हे समजल्यावर पहिल्यांदा अंगावर काटा आला. त्याच संध्याकाळी मी भाईला फोन लावला. काय विकलंत मला, म्हणून सुरुवातच केली. सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं की गाडीत काहीतरी आहे.

त्याने विचारलं, "दुपारचा मां?"

मी दुपारचं नावही काढलं नव्हतं.

मग तो बोलला. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळ्याच्या आधीचे दिवस होते. दुपारची ट्रिप, विजयदुर्गाकडून येताना. वाटेत एका वळणावर एका बाईने हात दाखवला. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. ती चढली आणि त्याच्या मागच्या खिडकीजवळच्या सीटवर बसली.

"बसताना मी तिका आरशात बघितलंय," भाई म्हणाला. "उतारताना नाय. खारेपाटणाक सगळे उतारले. मागे वळान बघितलंय तर जागो खाली. फकत वलो, पाण्यान भिजलेलो."

ती कोण, कुठली, त्याने सगळीकडे विचारलं. त्या वळणावर राहणाऱ्या कोणालाच अशी बाई माहीत नव्हती. त्यानंतर त्या सीटवर पॅसेंजर टिकेना. बसलेला माणूस थोड्या वेळाने उठून उभा राहायचा आणि का उठलो ते त्यालाही सांगता यायचं नाही.

तो रोज दुपारी ट्रिप संपली की दार उघडून उभा राहायचा आणि तिला उतरायला सांगायचा. हळूहळू त्रास कमी होत आला होता, म्हणाला. आणखी काही दिवसांत उतरली असती.

मी त्याला गाऱ्हाण्याचं सांगितलं. काय मागितलं ते जसंच्या तसं सांगायला लावलं त्याने. मी सांगितलं.



"बाय, मी तिका इतकी वर्सां उतर, उतर म्हणत होतंय," तो म्हणाला. "तुमी तिका देवाच्या साक्षीन ऱ्हव म्हटल्यात. आता तिका कोण उठयतलो?"

मी फोन ठेवला आणि अंकलच्या पायरीवर बसून राहिले. माझ्या घरात, ज्याचा प्रत्येक खिळा मी ठोकला त्या घरात, परत खोलीत दुसरी एक बाई. आणि तिला राहायची परवानगी मिळवून दिली आम्हीच, हात जोडून, नारळ ठेवून.

चर्चच्या फादरांना बोलावलं. भला माणूस. त्यांनी प्रार्थना केली, कोपऱ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, मला धीर दिला. दुसऱ्या दिवशी चुंबळ नेहमीपेक्षा जरा जास्त ओली होती, एवढाच फरक.

मग मी शिवादादाच्या मागे लागले. तू घातलंस, तूच परत घे. तो तयार होईना. देवाकडे एकदा मागितलेलं मागे कसं घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या दुकानात जाऊन बसले. उठलेच नाही. त्याच्या बायकोने मला दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा नवऱ्यालाच म्हणाली की एकदा जा आणि मोकळी कर हिला.

परत नारळ. परत व्हॅनच्या समोर आम्ही तिघं. दुपारच मुद्दाम निवडली, म्हणजे ती आत असताना सांगता येईल.

काय मागायचं ते मीच ठरवलं होतं. मी म्हटलं, ह्या गाडीवर ज्याचा हक्क नाही त्याला बाहेर काढ, असं सांग. गाडीचे कागद माझ्या नावावर. घाम माझा. बोटं माझी कापली. ह्यात वाद कसला?

अंकल माझ्या कानाशी आले. "हक्क कोणाचो ता देवार सोडू नको गो," ते म्हणाले. "नाव घेवन सांग."

नाव कोणाला माहीत होतं? भाईला नव्हतं, त्या वळणावरच्या कोणाला नव्हतं. मी अंकलना म्हटलं, तुम्ही गप्प ऱ्हवा. आणि शिवादादाला खूण केली.

"बा राखणदारा म्हाराजा," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "ह्या गाडयेर ज्याचो हक्क नाय, तेका भायर काढ. ज्याचो हक्क पयलो, तेका सुखान ऱ्हवांदे रे म्हाराजा."

ते दुसरं वाक्य मी सांगितलं नव्हतं. गाऱ्हाण्याच्या ओघात त्याच्या तोंडून गेलं.

मी तोंड उघडलं. अंकलनी उघडलं. पण आमच्या आधीच…

"व्हय म्हाराजा."

ह्या वेळी आवाज दमलेला नव्हता.

शिवादादाने नारळ फोडला. वारा पडला होता. माडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. बराच वेळ आम्ही उभे राहिलो आणि काहीच झालं नाही. गाडी दबली नाही, करकरली नाही. अंकल म्हणाले, गेली वाटतं. मी रडायच्या बेतात होते, आनंदाने. आम्ही घरात गेलो, अंकलनी फेणी काढली, मी कोळंबीचं लोणचं वाढलं. शिवादादा पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी मी व्हॅनकडे गेले. दाराला हात घातला.

उघडेना.

अडकलं असेल म्हणून जोर लावला. रुळाला मीच ग्रीस लावलं होतं, एका बोटाने सरकायचं ते दार. दोन्ही हातांनी ओढलं. पुढून ड्रायव्हरचं दार बघितलं. तेही नाही. मागचं झाकण, तेही नाही. मी शिव्या घालत शिवादादाला हाक मारली.

तो आला. त्याने हात लावला आणि दार सरकलं. सहज.

"सरक," मी म्हटलं, आणि पायरीवर पाय ठेवला.

दार माझ्या हातावर आलं. जोरात, आतून कोणी ढकलावं तसं. दोन बोटं चिरडली. मी खाली वाळूत पडले.

अंकलनी धावत येऊन उघडून बघितलं. त्यांच्यासाठीही उघडलं. ते आत जाऊन आले, त्यांना काही झालं नाही. मग त्यांनी दार धरून ठेवलं, शिवादादाने दुसऱ्या बाजूने धरलं, आणि मी परत चढायला गेले. दोन बाप्ये दार धरून उभे, तरी ते सरकत सरकत माझ्यासमोर बंद झालं.

शिवादादाने दारावरचा हात काढला. माझ्याकडे न बघता तो हळू आवाजात म्हणाला, "बाय, देवान निकाल दिल्यान."

मी रडले. दुखलं म्हणून नाही, अपमानाने. कसला निकाल? तो गंज कोणी खरवडला? ते छप्पर कोणी बुजवलं? वळणावर हात दाखवून एकदा गाडीत बसलं की हक्क होतो? होतो म्हणे. अंकल म्हणाले, जागा आधी तिने धरली होती, तू नंतर आलीस. बाजारच्या गाडीचा नियमच तो आहे. मला त्या दिवशी अंकलचाही राग आला, शिवादादाचाही, राखणदाराचाही.

ह्याला आता वर्ष झालं. मी अंकलच्या पडवीत खाटेवर झोपते. पहाटे अंकल खोकतात, कोंबड्या पायात येतात. व्हॅन तिथेच आहे, माडांमध्ये. विकायची तर घेणाऱ्याला काय सांगू? नाही सांगितलं तर माझ्यात आणि भाईत फरक काय? क्लाइव्ह विचारतो, डबा झाला का पुरा? मी म्हणते, झाला.

खरंच झाला आहे. त्या दुसऱ्या गाऱ्हाण्यानंतर एकही स्क्रू ढिला झालेला नाही. शिवादादा आत जाऊन बघून आला. म्हणाला, पलंग घट्ट बसलाय, चारही कोपरे. चुंबळही नाही. तिला आता जागा धरायची गरज उरलेली नाही.

दुपारी अंकल झोपले की मी पडवीतून ऐकते. मला ऐकायचं नसतं, पण कान तिकडेच जातात. पाटे करकरतात. मग माझा पलंग वाजतो. कोणीतरी कूस बदलतं, आरामात.

मागच्या आठवड्यात मला सहन झालं नाही. मान धरली होती, पडवीतली उशी दगडासारखी आहे. मी तरातरा व्हॅनपाशी गेले. ओरडायचंच ठरवून गेले होते. पण दारासमोर उभी राहिल्यावर आवाज चढेना. मी म्हटलं, "गाडी ठेव. पण माझी उशी तरी दी गो."



मी परत वळले. दोन पावलं टाकली असतील…

मागे दार सरकलं. एवढंसं, हातभर.

उशी पायरीवर आली. दार बंद झालं.

घेऊ की नको, मी बराच वेळ उभी होते. मग घेतली. ती ओली होती, जड, खाऱ्या पाण्याने थबथबलेली. पडवीच्या दोरीवर वाळत घातली आहे. आठवडा झाला, रोज कडक ऊन पडतंय.

अजून वाळलेली नाही.